छत्रपती संभाजीनगरमधील पर्जन्यजल व्यवस्थापन

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे नाव औरंगाबाद) या शहरात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा निचरा, साठवण व पुनर्भरण करणे आणि अतिवृष्टीच्या वेळी सखल वस्त्यांचे पुरापासून रक्षण करणे, या कामांचा समावेश पर्जन्यजल व्यवस्थापनात होतो. हे शहर महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागाचे मुख्यालय आहे. मराठवाडा हा प्रामुख्याने अवर्षणप्रवण प्रदेश म्हणून ओळखला जातो आणि शहराला नळाचे पाणी दीर्घकाळ काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. तरीही थोड्या वेळात जोराचा पाऊस झाल्यास शहरातील नाले व खाम आणि सुखना या नद्या काठांवरील वस्त्यांत शिरतात. टंचाई व पूर या दोन्ही समस्यांचे मूळ पावसाचे पाणी अडवण्याच्या, मुरवण्याच्या व वाहून नेण्याच्या व्यवस्थेत आहे.

शहरातील नैसर्गिक प्रवाह महानगरपालिका, छावणी परिषद, औद्योगिक वसाहती व ग्रामपंचायती अशा वेगवेगळ्या संस्थांच्या हद्दींतून वाहतात. एका हद्दीत प्रवाह अरुंद झाला किंवा त्यात कचरा पडला, तर त्याचा परिणाम दुसऱ्या हद्दीतील रहिवाशांना भोगावा लागतो. त्यामुळे या विषयात स्थानिक स्वराज्य संस्थांमधील व अन्य शासकीय यंत्रणांमधील समन्वयास विशेष महत्त्व आहे. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हे अशा समन्वयाचे या शहरातील प्रमुख उदाहरण होय.

भौगोलिक पार्श्वभूमी

शहर दख्खनच्या पठारावर असून त्याच्या उत्तरेस जटवाड्याकडील डोंगर आणि दक्षिणेस साताऱ्याचे डोंगर आहेत. या भागातील खडक बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. सखल भागांत त्यावर काळ्या मातीचा थर आढळतो. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरण्याचा वेग कमी असतो; पाणी मुख्यतः खडकातील भेगांतून व झिजलेल्या मुरमाड थरातून खाली जाते. डोंगरउतारावर पडलेले पाणी म्हणून लवकर ओढ्यांना मिळते.

शहराचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हा पाऊस सारख्या प्रमाणात पडत नाही. अनेक आठवड्यांच्या उघडिपीनंतर एकाच दिवसात मोठा पाऊस होणे, हे या भागाच्या हवामानाचे वैशिष्ट्य आहे. महसूल विभागाच्या नोंदींत एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्यास अतिवृष्टी म्हणतात. नागरी पुराच्या दृष्टीने मात्र २४ तासांच्या आकड्यापेक्षा एका तासात किती पाऊस पडला, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

खाम नदी शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत उगम पावते. हर्सूल तलाव याच नदीच्या प्रवाहावर आहे. तलावाचा सांडवा ओलांडून आलेले पाणी जुन्या शहराच्या पश्चिम कडेने वाहत छावणी परिसरातून पुढे जाते. नंतर वाळूज औद्योगिक क्षेत्राच्या परिसरातून ही नदी पैठणनजीकच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयास मिळते. शहराच्या पूर्व बाजूस चिकलठाणा परिसरातून सुखना नदी वाहते. या दोन नद्यांना मिळणारे अनेक नाले शहराच्या वस्त्यांतून जातात. औरंगपुरा, दलालवाडी, नूर कॉलनी व जयभवानीनगर या परिसरांतील नाले त्यांपैकी होत.

ऐतिहासिक जलव्यवस्था

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी हे नगर वसवले. नगराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी बांधली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी उताराच्या आधारे शहरात आणणे, हे तिचे मूलतत्त्व होते. पुढील काळात अशाच अनेक नहरी तयार झाल्या. खाम नदीच्या काठावरील पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर चालत असे.

या व्यवस्थेत पाणलोट क्षेत्राचे आरोग्य हीच शहराच्या पाण्याची हमी होती. डोंगरपायथ्याशी पाणी मुरले तरच नहरीला पाणी येई. जे पाणी मुरे, ते पावसाळ्यात एकाएकी नदीत उतरत नसे. पुरवठा व पूरनियंत्रण या दोन गोष्टी त्या काळी वेगळ्या खात्यांत वाटलेल्या नव्हत्या.

शहरातील तलावांचेही असेच दुहेरी कार्य होते. दिल्ली दरवाजाजवळील खिज्री तलाव (सध्याचे सलीम अली सरोवर), आमखास मैदानाजवळील कमल तलाव व हर्सूल तलाव हे पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवत. तलावात गाळ साचला किंवा त्याचे क्षेत्र घटले की ही क्षमता कमी होते.

जुन्या शहराच्या तटबंदीतील मकाई दरवाजा, महेमूद दरवाजा व बारापुल्ला दरवाजा यांना लागून खाम नदीवर ऐतिहासिक पूल आहेत. दगडी कमानींच्या अशा पुलांची पाणी वाहून नेण्याची क्षमता ठरलेली असते. कमानींत कचरा, झाडांच्या फांद्या किंवा गाळ अडकल्यास पाण्याची पातळी पुलाच्या वरच्या बाजूस वाढते. वारसा वास्तू असल्याने हे पूल पाडून रुंद करणे योग्य नाही. त्यामुळे कमानी मोकळ्या ठेवणे आणि पुलाकडे येणारा पाण्याचा लोंढा वरच्या भागातच कमी करणे, हे दोनच मार्ग उरतात.

नागरी विस्तार

महानगरपालिकेची स्थापना ८ डिसेंबर १९८२ रोजी झाली. जनगणनेनुसार १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या ५,७३,२७२ होती. २०११ मध्ये ती ११,७५,११६ झाली. म्हणजे २० वर्षांत लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोने वसवलेला भाग आणि बीड बायपासलगतच्या वसाहती यांमुळे शहर सर्व दिशांना पसरले. सिडकोने विकसित केलेला भाग २००६ मध्ये महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाला. पुढे सातारा-देवळाई हा दक्षिणेकडील भागही महानगरपालिकेत समाविष्ट करण्यात आला.

या विस्तारात शेतजमिनीतील ओढे वस्तीतील नाले बनले. वर्षातील आठ महिने कोरडा असणारा ओढा नकाशावर बारीक रेषेसारखा दिसतो आणि जागेवर मोकळ्या भूखंडासारखा. अशा ठिकाणी भराव टाकणे, पात्रात बांधकाम करणे, नाल्यावर स्लॅब टाकून वर दुकाने वा रस्ता करणे आणि रुंद पात्राऐवजी लहान व्यासाचे पाइप टाकणे, या गोष्टी महाराष्ट्रातील बहुतेक वाढत्या शहरांत घडल्या आहेत. झाकलेल्या नाल्यात साचलेला गाळ दिसत नाही आणि यंत्राने काढताही येत नाही. पहिल्या मोठ्या पावसातच त्याचे अस्तित्व लक्षात येते.

नागरी पुराची कारणमीमांसा

पडलेल्या पावसापैकी जो भाग जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जातो, त्यास अपधाव म्हणतात. लहान पाणलोट क्षेत्रातील कमाल अपधाव काढण्यासाठी अभियंते एक सोपे सूत्र वापरतात. अपधाव गुणांक, पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रतितास) व क्षेत्रफळ (हेक्टर) यांच्या गुणाकारास ३६० ने भागल्यास प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद या एककात मिळतो. अपधाव गुणांक हा पाण्याचा किती हिस्सा वाहून जातो हे दर्शवतो. शेत, बाग किंवा मोकळ्या जमिनीसाठी तो कमी असतो. छपरे, डांबरी रस्ते व फरसबंद अंगणे यांसाठी तो १ च्या जवळ जातो.

उदाहरणार्थ, १०० हेक्टर क्षेत्रावर तासाला ५० मिलिमीटर या तीव्रतेने पाऊस पडत आहे असे मानू. ते क्षेत्र मोकळे असून गुणांक ०.३ असेल, तर प्रवाह सुमारे ४.२ घनमीटर प्रतिसेकंद येतो. त्याच क्षेत्रावर दाट वस्ती होऊन गुणांक ०.८ झाला, तर प्रवाह सुमारे ११.१ घनमीटर प्रतिसेकंद होतो. पाऊस तेवढाच असूनही नाल्याकडे येणारे पाणी अडीच पटींहून अधिक वाढते. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी वेगाने वाहत असल्याने ते नाल्यात लवकर व एकदम पोहोचते. त्याच काळात नाल्याचे पात्र अर्ध्यावर आले असेल, तर पाणी काठाबाहेर पडणे अटळ ठरते.

एखाद्या वस्तीत पाणी शिरण्याचे कारण अनेकदा त्या वस्तीत नसते, हे यावरून स्पष्ट होते. नाल्याच्या खालच्या टोकाशी राहणारी कुटुंबे वरच्या भागातील काँक्रीटीकरणाचे पाणी आपल्या घरात घेतात. नाल्याकाठची जमीन स्वस्त किंवा वादग्रस्त असल्याने तेथे बहुधा अल्प उत्पन्न गटातील लोक राहतात. त्यामुळे पुराचे नुकसान सर्वांवर सारखे पडत नाही.

पर्जन्यजल व सांडपाणी

पावसाचे पाणी व घरगुती सांडपाणी यांच्यासाठी स्वतंत्र वाहिन्या असाव्यात, हे भारतातील नागरी अभियांत्रिकीचे स्वीकृत तत्त्व आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचरा व्यवस्थेसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात अनेक शहरांत सांडपाणी नाल्यांत सोडले जाते आणि पावसाळ्यात छपरावरचे पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये जाते. पहिल्या प्रकाराने नदी दूषित होते. दुसऱ्या प्रकाराने मलवाहिन्या तुंबून घाण पाणी रस्त्यावर येते.

छत्रपती संभाजीनगरात भूमिगत गटार योजनेअंतर्गत मलवाहिन्यांचे जाळे टाकण्यात आले असून कांचनवाडी, झाल्टा व पडेगाव या ठिकाणी मलजल शुद्धीकरण केंद्रे आहेत. त्यांपैकी कांचनवाडी येथील केंद्र सर्वांत मोठे आहे.

या शहराच्या बाबतीत प्रदूषणाचा प्रश्न अधिक निकट आहे. खाम नदी ज्या नाथसागर जलाशयास मिळते, त्याच जलाशयातून सुमारे ४५ किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्यांद्वारे शहराला पिण्याचे पाणी येते. नाल्यात टाकलेला कचरा व सोडलेले सांडपाणी यांचा संबंध अशा रीतीने थेट शहराच्या पाणीपुरवठ्याशी पोहोचतो.

संस्था व त्यांच्या जबाबदाऱ्या

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार गटारे व निचऱ्याची कामे बांधणे, त्यांची देखभाल व सफाई करणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात १२ वी अनुसूची जोडली गेली. नगरनियोजन, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, नागरी पर्यावरणाचे रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय त्या अनुसूचीत आहेत. तथापि नाल्याच्या संपूर्ण लांबीवर एकाच संस्थेचा अधिकार नसतो. या शहरात पुढील यंत्रणांचा संबंध येतो.

• महानगरपालिका : शहरहद्दीतील नाले, पर्जन्यजल वाहिन्या, कचरा संकलन, बांधकाम परवानगी व अतिक्रमण निर्मूलन.

• छावणी परिषद : लष्करी छावणीच्या हद्दीतील नागरी सेवा. ही परिषद छावणी अधिनियम, २००६ नुसार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते. खाम नदीचा काही भाग तिच्या हद्दीला लागून आहे.

• जलसंपदा विभाग : नदीची पूररेषा आखणे व मोठे जलाशय.

• महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ : औद्योगिक वसाहतींतील रस्ते, गटारे व निचरा.

• महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ : सांडपाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख व कारवाई.

• महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व ग्रामपंचायती : शहराबाहेरील वाढत्या वस्त्यांचे नियोजन व स्थानिक सेवा.

• जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पूर्वतयारी, इशारा व मदतकार्य.

• रेल्वे, सार्वजनिक बांधकाम विभाग व राष्ट्रीय महामार्ग यंत्रणा : लोहमार्ग व रस्त्यांखालील मोऱ्या आणि पूल.

एकाच ओढ्यावर वरच्या बाजूस ग्रामपंचायतीची परवानगी, मध्ये महामार्गाची मोरी आणि खाली महानगरपालिकेचा नाला असू शकतो. प्रत्येक काम आपापल्या नियमाप्रमाणे योग्य असूनही तिन्हींचे मोजमाप परस्परांशी जुळत नसेल, तर सर्वांत अरुंद ठिकाणी पाणी तुंबते.

पूररेषा

महाराष्ट्रात १९८९ पासून पाटबंधारे (आता जलसंपदा) विभागाच्या परिपत्रकानुसार नद्यांसाठी दोन पूररेषा मानल्या जातात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवतात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र प्रवाहासाठी मोकळे ठेवणे अपेक्षित असते. दोन रेषांमधील क्षेत्रात बांधकामावर निर्बंध असतात. १०० वर्षांतून एकदा याचा अर्थ असा पूर ठरलेल्या अंतराने येतो असा नसून, कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का असते असा आहे.

खाम नदी पुनरुज्जीवन

अनेक वर्षे सांडपाणी, प्लास्टिक व बांधकामाचा राडारोडा यांमुळे खाम नदी सामान्य बोलण्यात नाला म्हणूनच ओळखली जात होती. २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद, शहराची स्मार्ट सिटी यंत्रणा, व्हेरॉक हा उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही पर्यावरण क्षेत्रातील संस्था यांनी एकत्र येऊन नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. नदीचे पात्र दोन स्वतंत्र प्रशासनांच्या हद्दींना स्पर्श करत असल्याने महानगरपालिका व छावणी परिषद यांचा एकत्रित सहभाग या कामाचा पाया ठरला.

या कामात पात्रातील कचरा, गाळ व राडारोडा काढणे, दबलेले पात्र पुन्हा रुंद करणे, काठांना दगडी पिचिंग करणे, काठावर झाडे लावणे आणि पुलांवरून कचरा टाकला जाऊ नये म्हणून जाळ्या बसवणे यांचा समावेश होता. त्याबरोबरच नदीकाठच्या वस्त्यांत घरोघरी कचरा संकलन नियमित करण्यावर भर देण्यात आला. नदीत कचरा येण्याचे थांबल्याशिवाय नदी स्वच्छ करण्यास अर्थ नाही, हे सूत्र त्यामागे होते. छावणीकडे जाणाऱ्या लोखंडी पुलाजवळ नदीकाठी उद्यान विकसित करण्यात आले. या उद्यानामुळे नागरिकांचे नदीकडे जाणे-येणे सुरू झाले.

पुराच्या दृष्टीने या कामाचे महत्त्व पात्राची वहनक्षमता वाढण्यात आहे. राडारोडा काढल्याने पाण्याला जागा मिळते. काठावरील झाडे व गवत माती धरून ठेवतात. पुलांखालील अडथळे कमी झाल्याने पाणी मागे फुगत नाही. जागतिक संसाधन संस्थेच्या रॉस केंद्रातर्फे शहरांसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या २०२३-२४ च्या फेरीत हा प्रकल्प अंतिम यादीत निवडला गेला. त्या फेरीचा विषय हवामान बदलास तोंड देण्यास सज्ज होणारे जनसमूह हा होता.

एप्रिल २०२० मध्ये महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यानंतर काही वर्षे तिचा कारभार प्रशासकाकडे होता. खाम नदीचे सुरुवातीचे काम याच काळात झाले. निर्वाचित प्रतिनिधींच्या अनुपस्थितीत सुरू झालेल्या उपक्रमाला पुढे अंदाजपत्रकात कायम स्थान मिळणे, हा त्याच्या टिकाऊपणाचा महत्त्वाचा निकष आहे.

नदी-शहरे आघाडी

केंद्र सरकारचे राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियान व राष्ट्रीय नागरी कार्य संस्था यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२१ मध्ये ३० शहरांची नदी-शहरे आघाडी स्थापन झाली. गंगेच्या खोऱ्याबाहेरील ज्या शहरांचा आरंभापासून तीत समावेश झाला, त्यांत औरंगाबाद व पुणे ही महाराष्ट्रातील दोन शहरे होती. सदस्य शहरांनी अनुभवांची देवाणघेवाण करावी, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे व नदीविषयक आराखडे तयार व्हावेत, हे आघाडीचे हेतू आहेत. आघाडीच्या सदस्यांची धारा ही परिषद फेब्रुवारी २०२३ मध्ये पुणे येथे भरली होती.

या उपक्रमातून छत्रपती संभाजीनगरसाठी नागरी नदी व्यवस्थापन आराखडा तयार करण्यात आला. कानपूर, अयोध्या, मुरादाबाद व बरेली या शहरांसाठीही असे आराखडे झाले आहेत. आराखड्याच्या चौकटीत दहा उद्दिष्टे आहेत. पूरक्षेत्रातील वापराचे नियमन, प्रदूषण रोखणे, तलाव व पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन, काठावरील हरितपट्टा, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा पुनर्वापर, नदीत परत जाणाऱ्या पाण्याची गुणवत्ता, पर्यावरणपूरक नदीकाठ, नदीवर आधारित अर्थव्यवहार, नागरिकांत जाणीव निर्माण करणे आणि नागरिकांचा सहभाग ही ती उद्दिष्टे होत.

अन्य ठिकाणांचा अनुभव

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. मिठी नदीच्या सुमारे १७.८ किलोमीटर लांबीची जबाबदारी मुंबई महानगरपालिका व मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागलेली होती. पुरानंतर या नदीसाठी स्वतंत्र विकास व संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आले. पुराच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जलतज्ज्ञ माधव चितळे होते. स्टॉकहोम जल पुरस्काराचे (१९९३) मानकरी असलेल्या चितळे यांचे वास्तव्य औरंगाबादेत होते. याच शहरात १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) कार्यरत असल्याने या विषयातील तज्ज्ञता स्थानिक पातळीवर उपलब्ध आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये नागरी पुरासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नागरी पूर हा नदीच्या पुराहून वेगळा प्रकार आहे आणि नियोजनाचा घटक प्रभाग नसून पाणलोट क्षेत्र असावा, ही दिशा त्यांतून मिळाली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने मोठी जीवितहानी झाली. मोठ्या नदीपेक्षा वस्तीतील लहान ओढा अधिक घातक ठरू शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

नेदरलँड्समध्ये पाण्याच्या व्यवस्थापनासाठी नगरपालिकांहून वेगळी, स्वतःचा कर आकारणारी जलमंडळे मध्ययुगापासून आहेत. त्यांच्या हद्दी शहरांच्या सीमांनुसार नव्हे, तर पाण्याच्या प्रवाहानुसार ठरतात. चीनने २०१५ मध्ये निवडक शहरांत पावसाचे पाणी शोषून घेणाऱ्या रचनेचे प्रयोग सुरू केले.

उपाययोजना

पर्जन्यजल व्यवस्थापनाचे उपाय साधारणपणे चार गटांत विभागले जातात.

पाणी वरच्या भागातच थांबवणे : डोंगरउतारावर समतल चर, लहान बंधारे व वृक्षलागवड यांमुळे पाणी मुरते. हर्सूल तलाव व सलीम अली सरोवर यांतील गाळ काढणे व त्यांची क्षेत्रे अबाधित राखणे याच गटात येते.

घर व वसाहत पातळीवरील उपाय : १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटर जागेवर पडल्यास १ लिटर पाणी मिळते. त्यामुळे १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०,००० लिटर पाणी जमा होते. ते शोषखड्ड्यात, विहिरीत किंवा टाकीत गेले तर तेवढे पाणी नाल्यावरचा भार कमी करते आणि उन्हाळ्यातील टंचाईतही उपयोगी पडते. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांसाठी पर्जन्यजल संधारण आवश्यक केले आहे.

वहनक्षमता राखणे : पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा याचा परिचित भाग होय. काढलेला गाळ काठावरच ठेवल्यास पहिल्या पावसात तो पुन्हा पात्रात जातो. म्हणून गाळाची वाहतूक हा सफाईचाच भाग मानला पाहिजे. प्रत्येक मोरी व पुलाची क्षमता मोजून सर्वांत अरुंद ठिकाणे आधी सुधारणे अधिक परिणामकारक ठरते.

इशारा व पूर्वतयारी : वरच्या भागातील पर्जन्यमापक, तलावाच्या सांडव्याची पातळी व नाल्यांतील पाण्याची उंची यांची माहिती खालच्या वस्त्यांपर्यंत वेळेत पोहोचल्यास जीवितहानी टाळता येते. लहान पाणलोट क्षेत्रात पाऊस व पूर यांमध्ये अल्प वेळ असतो. त्यामुळे कोणी, कोणाला व कसे कळवावे, हे आधीच ठरलेले असावे लागते.

या चारही गटांना समन्वयाची आवश्यकता आहे. नाल्यांचा एकच नकाशा सर्व संस्थांनी मान्य करणे, नवीन रस्त्याच्या मोरीचे मोजमाप संपूर्ण पाणलोट क्षेत्राच्या हिशेबाने ठरवणे, नालेसफाईचे वेळापत्रक सर्व हद्दींत एकाच वेळी ठेवणे आणि देखभालीच्या खर्चाची वाटणी लेखी करारात नमूद करणे, हे समन्वयाचे प्रत्यक्ष स्वरूप होय.

मर्यादा व आव्हाने

नदीच्या मुख्य पात्राची सुधारणा झाली तरी तिला मिळणाऱ्या नाल्यांतून कचरा व सांडपाणी येत राहिल्यास परिणाम अल्पकाळ टिकतो. काठ सुशोभित करताना पात्र काँक्रीटच्या भिंतींनी अरुंद झाले, तर पुराचा धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो. पात्रातील वस्त्यांचे स्थलांतर हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. तेथील कुटुंबांचा रोजगार व मुलांच्या शाळा जवळच असतात. पर्यायी निवारा दूर मिळाल्यास ती पुन्हा काठावर परततात. पुनर्वसनाशिवाय केलेले निर्मूलन म्हणूनच क्वचित टिकते.

बांधकामासाठी निधी मिळणे देखभालीसाठी निधी मिळण्यापेक्षा सोपे असते. केंद्राच्या अमृत योजनेतून (२०१५) पर्जन्यजल वाहिन्यांसाठी आणि अमृत २.० मधून (२०२१) जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनासाठी साहाय्याची तरतूद झाली. दरवर्षीची सफाई व दुरुस्ती मात्र स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच करावी लागते. अधिकाऱ्यांच्या बदल्यांमुळे व्यक्तींच्या पुढाकारावर चाललेले काम मंदावण्याची शक्यता असते. संस्थांमधील समन्वय कायमस्वरूपी समिती, सामायिक नोंदी व अंदाजपत्रकातील स्वतंत्र शीर्ष यांच्या आधारे चालल्यास ही उणीव दूर होऊ शकते.

कोरड्या वर्षांत या विषयाकडे दुर्लक्ष होणे हीदेखील एक अडचण आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी नाल्याचा प्रश्न मागे पडतो व त्याच काळात पात्रात नवा भराव पडतो. पुढच्या अतिवृष्टीतील नुकसान अशा रीतीने अवर्षणाच्या वर्षांतच निश्चित होत असते.

हेही पाहा

• खाम नदी
• हर्सूल तलाव
• सलीम अली सरोवर
• नहर-ए-अंबरी
• पाणचक्की
• जायकवाडी धरण
• मिठी नदी
• पर्जन्यजल संधारण